विलायती इंजिन

आप्पासाहेबांना वाटलं, बायका कलश घेऊन आल्या.

मोटार अजून वेशीत शिरत होती, तोच गावातल्या बायका घराघरांतून धावत बाहेर पडल्या. डोक्यावर घागर, काखेत हंडा, एकीच्या हातात तर तेलाचा रिकामा डबा. मागच्या सीटवर आप्पासाहेबांनी फेटा सारखा केला आणि शेजारी बसलेल्या कलेक्टरांना म्हणाले, "आमची मान्सं अशीच हायत साहेब. पाव्हना आला की सुवासिनी निघाल्याच."

लातूर जिल्हा नवा, कलेक्टर नवे, आणि जिल्ह्याच्या दुष्काळ कमिटीवर बसायची आप्पासाहेबांची हौस त्याहून नवी. ती फेडून घ्यायला त्यांनी साहेबांची सरकारी जीप शिरूर अनंतपाळलाच ठेवायला लावली आणि पाहणीला आपली मोटार काढली. मोटार लांब नाकाची, काळी, निजामाच्या कुठल्याशा जहागीरदाराची. कित्येक वर्षं तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. आता ती पळत होती, आणि वाटभर आप्पासाहेब एकच सांगत होते: इंजिन थेट विलायतेहून मागवलं, बोटीनं आलं. या गावाच्या पाण्याच्या टँकरचं कंत्राटही त्यांचंच. तो टँकर मात्र महाशिवरात्रीपासून दुरुस्तीला होता. त्याचे सुटे भाग बहुधा पायी येत असावेत.

मोटार थांबली. बायका पुढं आल्याच नाहीत. कुंकू नाही, ओवाळणं नाही. त्या सरळ मागं गेल्या आणि डिकीपासून रांग लावून उभ्या राहिल्या. "मी आदी आले," "तुजा हंडा मागं घे," असं जरा वेळ चाललं. रांगेतून चतुराबाई नावाची म्हातारी खिडकीपाशी आली.

"टाकी कुटं हाय?"

"कसली टाकी?" कलेक्टरांनी विचारलं.

"पान्याची. टँकर आला न्हवं? चढावर दोनदा खोकला, मंग शिट्टी मारली. आमच्या टँकरबिगर आसं कोन खोकतंय?"

आप्पासाहेब पोट धरून हसले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. यांच्या मनात तेवढाही उजेड नव्हता.

"म्हातारं मानूस हाय साहेब. कान गेलेत."

"डोळे गेलेत," चतुराबाई म्हणाली. "टँकरची वाट बगून बगून. कानं शाबूत हायत."

तेवढ्यात बॉनेटच्या फटींतून वाफ फुसफुसायला लागली. ड्रायव्हरनं उडी मारून बॉनेट उघडलं. चतुराबाईनं त्याच्याकडं निरखून पाहिलं.

"मन्मथा, टँकरवर हुतास तवा बोडकाच यायचास. टोपी घातली म्हून आमी वळकनार न्हाई व्हय रे?"

मन्मथनं टोपी काढून खिशात कोंबली. आणि तो पुन्हा इंजिनाकडं वळला. बोलून खाणार काय?

कलेक्टर खाली उतरले, म्हणून आप्पासाहेबांनाही उतरावं लागलं. रांगेतली सिंधू तोवर उघड्या बॉनेटमध्ये डोकावली होती. इंजिनाच्या एका पाइपाला हिरवी चिंधी गच्च बांधलेली होती. काठ पिवळा.

"ही चिंदी माज्या लुगड्याची हाय," ती म्हणाली. "टँकरचा पाइप फुटला हुता, तवा मीच फाडून दिली. मन्मथभाऊनं बांदली." तिनं पदर पुढं धरला. तोच हिरवा, तोच पिवळा काठ, आणि कोपऱ्यातून वीतभर फाटलेला.

"हिरवं लुगडं काय एकलीचंच आसतं व्हय?" आप्पासाहेब म्हणाले. एवढं बोलूनही त्यांची जीभ जागेवर राहिली.

कलेक्टरांनी चिंधी पाहिली, पदर पाहिला.

"टँकर दुरुस्तीला आहे म्हणालात."

"हाय की साहेब. काम जोरात चालू हाय."

"इंजिनाशिवाय?"

आप्पासाहेबांनी खिशातून रुमाल काढला, मान पुसली, रुमालाची घडी घातली. लाज वाटायला हवी होती तिथं त्यांना वेगळंच सुचलं. ते ड्रायव्हरवर खेकसले.

"बगतोस काय मन्मथ? इंजिन तापलंय. पानी वत."

"कॅन रिकामा हाय मालक. वाटंत समदं प्यालं त्यानं."

मग आप्पासाहेब वळले. त्या रांगेकडं, उन्हात मांडलेल्या त्या कोरड्या घागरींकडं पाहून, गावच्या पाटलानं गड्याला सांगावं तसं म्हणाले, "ए बायांनो, घरात आसंल तर कळशीभर पानी आना गं. साहेबांचा खोळंबा होतोय."

माणूस कोडगा असतो, पण इतका कोडगा पाहायला नशीब लागतं.

एकही बाई हलली नाही. चतुराबाईनं डोक्यावरची घागर उतरून मोटारीच्या पुढ्यात उपडी ठेवली. आतून थेंबही पडला नाही. आप्पासाहेबांकडं तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. तेवढीही त्यांची लायकी नव्हती. ती उघड्या बॉनेटवर वाकली. वाफ तोंडावर येत होती, तरी वाकली.

"आरं, पानी तू आनायचं," ती इंजिनाला म्हणाली. "मागाय कवापासनं लागलास?"