काळीपांढरी दोरी

अल्माटीभोवतीच्या नव्या रिंगरोडनं बाबांचं कुरण गिळलं आणि त्याच रस्त्यावर मी रोलर चालवू लागले. तीन वर्षं त्यांनी मला चहा विचारला नाही. दर सुट्टीला मी फाटकातच आईशी बोलून परतायचे. आज अंगणात भाचीच्या पहिल्या पावलांचा सोहळा होता. तिच्या पायांत काळीपांढरी दोरी बांधली होती. ती कापणाऱ्याचा गुण बाळाला लागतो, म्हणून मान पहिलवान दौरेनदादाचा. डांबरानं माखलेल्या बुटांनी मी फाटकातच थांबले. दादानं कात्री उचलली. “ठेव खाली,” बाबा गुरगुरले. “तू फाटकापासून उंबऱ्यापर्यंतसुद्धा गाडीनं येतोस!” बाबांनी फाटकाशी येऊन कात्री माझ्यापुढे धरली. “मी?” “अख्ख्या शहराला वळसा घालून जी दर सुट्टीला घरी येते, तिचा गुण हवा पोरीला.” मी अंगणात जाऊन दोरी कापली. दोन पावलं चालून भाची माझ्या बुटावर बसली. “बूट काढ,” बाबा म्हणाले, “चहा निवतोय.”