वैऱ्याचा हात

“मिसेस रोटकोफ, तुम्ही आत जायचं नाही,” यूडिस म्हणाली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

हिंदा रोटकोफनं पांढऱ्या झग्याची एक बाही घातली होती. दुसरी तशीच लोंबत राहिली. आत लाकडी फळीवर यूडिसची आई, गिटल झिंगर, चादरीखाली निजली होती. मेलबर्नच्या त्या भागात एखादी ज्यू बाई गेली की तिला शेवटचं स्नान घालणारं बायकांचं मंडळ होतं. त्यात गिटल आणि हिंदा अर्धं आयुष्य शेजारी शेजारी उभ्या राहिल्या होत्या. एक पाणी ओतायची, दुसरी पुसायची. गिटलचा देवाधर्मावर काडीचा विश्वास नव्हता. “देव मला ठाऊक नाही,” ती म्हणायची, “पण मेलेली बाई उघडी पडू नये, एवढं मला कळतं.”

यूडिस बोबडं बोलायला लागली तेव्हापासून हिंदाला मावशी म्हणायची. आज मिसेस रोटकोफ. हिंदाला ते झोंबलं, पण तक्रार करायला तोंड कुठं होतं?

तोंडानंच तर सगळा घात केला होता. त्या ऑक्टोबरात हिंदाच्या भाचीचा मुलगा तिकडे, गाझाच्या सीमेजवळच्या ज्यू वसाहतीत, हल्ल्यात राहत्या घरात मारला गेला. हिंदाला घास गिळवेना. गिटल ट्रामनं रोज सूपचा डबा घेऊन यायची आणि चमचा हातात देऊन समोर बसायची. मग गाझावर बॉम्ब पडायला लागले आणि एका रविवारी गिटल शहरातल्या मोर्चात दिसली. तिच्या हातात तिथल्या मेलेल्या पोरांच्या नावांचा फलक होता.

पुढच्याच आठवड्यात कुणाच्या तरी नातवाच्या समारंभात, प्रार्थनेनंतर, लोक हेरिंग माशाच्या बश्या घेऊन उभे असताना हिंदानं तिला गाठलं.

“ज्यूंच्या शत्रूंबरोबर उभी राहतेस? लाज नाही वाटत?”

“मी ज्यूच आहे, हिंदा. ज्यूंचं वेगळं राष्ट्र मागणारी झायनिस्ट नाही. पोलंडात असताना माझे बाबाही झायनिस्ट नव्हते.”

“दोन्ही एकच!”

“तुझ्या लेखी. माझ्या लेखी नाही. आणि ती पोरं कुणाच्याच लेखी शत्रू नव्हती.”

त्यावर हिंदानं तो शब्द काढला. कापो. छावणीत नाझींनी कैद्यांवर नेमलेला कैदी, आपल्याच माणसांना झोडपणारा. गिटलच्या आईच्या पाठीवर अशाच एकाच्या काठीचे वण मरेपर्यंत होते आणि हिंदाला ते चांगलं माहीत होतं. गिटलचा चेहरा पांढराफटक पडला. “फॅसिस्ट,” ती हळूच म्हणाली. बशी ठेवली आणि निघून गेली. शब्द फुकट मिळतात, म्हणून माणूस ते असे दगडासारखे भिरकावतो. गावानं मात्र ते दोन्ही शब्द झेलून घेतले. त्या दिवसापासून लोक दोघींना नावानं कमी आणि त्या शब्दांनीच जास्त ओळखू लागले.

पुन्हा बोलणं झालं नाही. हिंदा दोनदा गिटलच्या फाटकापर्यंत गेली आणि दोन्हीदा परत फिरली. तिचं दुःख खोटं नव्हतं, आणि म्हणूनच तिला वाकता येईना. मग परवा गिटल स्वयंपाकघरात कोसळली ती उठलीच नाही.

आता एकच वाट उरली होती. स्नानाआधी मंडळातल्या बायका मृताचं नाव घेऊन त्याची माफी मागतात. हिंदाला त्या खोलीत जायचं होतं ते तेवढ्यासाठी. जिवंतपणी जिभेला जे जमलं नाही, ते रीतीच्या आडोशानं बोलता येणार होतं.

“वैरी माणसानं मेलेल्याला हात लावायचा नाही,” यूडिस म्हणाली. “नियम तुमच्याच मंडळाचा ना? मग पाळा की!”

आवाज ऐकून रेझल बाहेर आली. मंडळातली सगळ्यात वडील ती. तिनं दोघींकडे पाहिलं.

“हिंदा, खरं सांग. तुझ्या मनात तिच्याविषयी वैर आहे?”

“नाही.”

“तुझा शब्द मी मानते. यूडिस, बाजूला हो बाळ.”

यूडिस बाजूला झाली. पण बाकावर बसताना पुटपुटली, “शब्द! हिच्या शब्दाची किंमत आम्हाला विचारा.”

आत पाण्याच्या बादल्या भरून ठेवल्या होत्या. बायका फळीभोवती उभ्या राहिल्या. “गिटल, हेर्शची मुलगी,” रेझलनं सुरुवात केली, आणि सगळ्या तिच्यामागून म्हणाल्या, “आमच्या हातून तुझा काही अवमान झाला तर आम्हाला क्षमा कर.” हिंदाही म्हणाली. शब्द नीट उच्चारले गेले, पण तिचा जीव हलका झाला नाही.

रेझलनं चेहऱ्यावरची चादर सारली. गिटलच्या हनुवटीवर पडताना लागलेलं होतं, रक्त वाळून काळं झालं होतं. ते पुसायचं काम हिंदाचं. तिनं फडकं भिजवलं, जरासं पिळलं. हात पुढे केला. तो तिथंच अधांतरी राहिला. किती जणींचे चेहरे पुसले होते तिनं, कधी हात अडला नव्हता. सगळ्या थांबल्या. फडक्यातून पाणी ठिबकत राहिलं. शेवटी हिंदानं ते रेझलच्या हातात दिलं, झगा उतरवला आणि दार ओढून बाहेर आली.

यूडिस वर बघून हसली. ते हसू बघवत नव्हतं.

“नाही ना जमलं? मला ठाऊकच होतं. पोटात वैर असलं की हात चालत नाही.”

हिंदा तिच्या शेजारी, बाकाच्या कडेला टेकली. 

“वैर असतं तर धुतलं असतं गं तिला. माझी आई गेली तेव्हा तुझ्या आईनंच मला आत येऊ दिलं नव्हतं. म्हणाली, घरच्या बाईनं हात लावायचा नसतो.”