उद्याचा गोलकीपर

"उद्या हरा," राजाभाऊ म्हणाले. "एवढंच म्हणणं आहे आमचं."

गुरुनाथ सरांनी तोंडातली शिट्टी काढली. मैदानावर मुलं पेनल्टीचा सराव करत होती आणि सौदीतल्या दम्मामची धूळ त्यांच्या गुडघ्यांपर्यंत चढली होती. शाळेच्या व्यवस्थापन समितीचे हे दोन सभासद मात्र इस्त्रीच्या पँटी सांभाळत कडेला उभे होते. राजाभाऊ बँकेत मोठे साहेब, यतीन अबकैकच्या तेलाच्या प्लँटवर इंजिनिअर. दोघांचीही मुलं दहावीत आणि दोघांचीही सरांच्या फुटबॉल टीममध्ये.

"हुफूफच्या शाळेची टीम कच्ची आहे," राजाभाऊ समजावून सांगू लागले. "म्हणजे सेमीफायनल तुम्ही जिंकणार. जिंकलात की फायनल रियाधला. जाण्यायेण्यात तीन दिवस मोडणार, आणि त्याच आठवड्यात प्रिलिम. आता तुम्हीच सांगा."

"काय सांगू? दोन वर्षांत एक मॅच हरलो नाही आपण."

"तेच तर ना!" यतीन कळवळून म्हणाला. "बाकीच्या शाळा बघा, कशा वेळेवर हरून मोकळ्या होतात. त्यांची पोरं केव्हाच अभ्यासाला बसलीत."

गेल्या वर्षी करंडक आला तेव्हा फोटोत पहिल्या रांगेत हीच दोन माणसं होती. करंडकही त्यांच्याच हातात होता. खेळलेली मुलं मागे कुठेतरी टाचा वर करून उभी होती.

सर कोल्हापूरचे. पेठेची टीम हरली तर तिथं लोक रात्री जेवत नाहीत. त्यांना आधी वाटलं, साहेब थट्टा करतायत. मग त्यांनी राजाभाऊंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कुणाचं तरी कर्ज नामंजूर करतानाचा चेहरा होता तो.

"हरायला कोच कशाला लागतोय, साहेब?" सर म्हणाले.

"नसेल जमत तर तसं सांगा." राजाभाऊंनी घड्याळ पाहिलं. मगरिबच्या नमाजाला पंप बंद व्हायच्या आत त्यांना पेट्रोल भरायचं होतं. "तुमचा करार पुढच्या महिन्यात संपतोय. आमच्या दोघांच्या सह्या नसतील तर तो पुढे जात नाही. करार नाही म्हणजे इकामा नाही, इथं राहायचा परवानाच नाही. वहिनी आहेत, छोटी अवनी आहे. आम्हालाही वाईट वाटेल हो."

वाईट वाटेल म्हणे! असली माणसं गळा कापायच्या आधीही 'जरा मान वर करता का' असं अदबीनं विचारतात.

इकाम्याचं नाव काढलं की भलेभले नमतात. तरी सर म्हणाले, "मी नाही सांगणार पोरांना. तुम्ही सांगा. तुमचीच हायत."

यतीन बुटांकडे बघू लागला. राजाभाऊ हसले. "त्यात काय एवढं? गोलकीपर तर घरचाच आहे." आणि त्यांनी हाक मारली, "शर्विल!"

शर्विल धावत आला. कपाळावर धूळ, हातात ग्लव्ह्ज, अजून धापा टाकत होता. राजाभाऊंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. प्रिलिम, मार्क, पुण्यातली कॉलेजं, मग नवीन लॅपटॉप, असं सगळं सांगून झाल्यावर ते मूळ मुद्द्यावर आले. उद्या एखादा बॉल सुटला तर पप्पा रागावणार नाहीत.

मुलगा गोंधळला नाही, चिडला नाही. त्यानं फक्त विचारलं, "कितने छोडूँ, पापा? दो ठीक रहेगा? एक में लोगों को डाउट आएगा."

"बघा!" राजाभाऊंचा ऊर भरून आला. "किती समजूतदार आहे. सर, मिटला तुमचा प्रश्न. कराराचं काम उद्याच करून टाकू."

सरांना बापाची किळस आली. पोराची आली नाही, पण त्याच्याकडे बघवेना. डाइव्ह मारायला घाबरणाऱ्या या मुलाला त्यांनी दोन वर्षं रोज या धुळीत लोळवलं होतं. अंगावर येणारा बॉल सोडायचा नाही, एवढं एकच त्याला शिकवलं होतं.

"ग्लव्ह्ज काढ," ते म्हणाले.

"सर?"

"काढ म्हणतोय न्हवं!" शर्विलच्या हातातून ग्लव्ह्ज ओढून घेत ते मैदानाकडे वळून ओरडले, "चैतन्य! इकडं ये. उद्या गोलमध्ये तू."

चैतन्य यतीनचा मुलगा. दोन वर्षं राखीव होता, म्हणजे बाकावर बसून पाण्याच्या बाटल्या सांभाळत होता. तो असा पळत सुटला की वाटेत एकदा पडला.

राजाभाऊंचा चेहरा लाल झाला. "म्हणजे? शर्विलला बाहेर बसवणार? सेमीफायनलला?"

"हरायचंच हाय, तर त्याला घरी अभ्यासाला बसवा की."

"माझ्या मुलाला बाकावर बसवता? माझ्या?" राजाभाऊंचा आवाज चिरकला. "खलास! करार विसरा आता. बोलव रे यतीन, आजच समितीची मीटिंग बोलव. आपल्या दोघांच्या सह्या—"

यतीन शेजारी नव्हता. चार पावलं लांब जाऊन तो मोबाइलवर बायकोशी बोलत होता.

"अगं, हँडीकॅम चार्जिंगला लाव. चैतन्य खेळतोय उद्या! नाही गं, बायकांना आत सोडत नाहीत, मी शूटिंग करून आणतो ना... प्रिलिमचं काय, होईल प्रिलिम."

"यतीन!" राजाभाऊ ओरडले. "हरायचं ठरलंय ना आपलं?"

यतीननं फोनवर हात ठेवला.

"ठरलं होतं हो, राजाभाऊ. पण तेव्हा गोलमध्ये शर्विल होता."