चिमूटभर वाळू

सहावा क्रेफिश टाकीत उताणा पडला होता आणि टाकी कालच लख्खबाईनं घासली होती. म्हणजे गुन्हा आणि गुन्हेगार, दोन्ही जागेवर हजर.

पाणीपुरवठ्याच्या त्या प्रयोगशाळेत नदीचं पाणी आधी या सहाजणांच्या अंगावरून जायचं, मग शहराच्या नळांकडे. क्रेफिश हा गोड्या पाण्यातला प्राणी. नांग्या खेकड्याच्या, शेपटी कोळंबीची आणि दिवसभर दगडाखाली दडून बसायची खोड. पाण्यात काही वावगं आलं की यंत्राच्या आधी हे बिथरतात. त्यांची टाकी धुणं हे लख्खबाईचं काम. तिनं पुसलेल्या फरशीत साहेबांना आपलं टक्कल दिसायचं, म्हणून हे नाव पडलं ते कायमचं.

क्रेफिशनं शेपटी झटकली, सरळ झाला, दोन पावलं चालला आणि पुन्हा कलंडला.

"प्यायलाय मेला," ती पुटपुटली.

शब्द तोंडात तयारच होता. घरी महिनाभर दुसरा विषयच नव्हता. सासऱ्यांनी दारू सोडून तीन वर्षं झाली होती. हल्ली मात्र सकाळी अंथरुणातून उठले की भिंत धरायचे. नुसते कुशीवर वळले तरी पलंगाची कड घट्ट पकडायचे. दोनदा ओकले. सासूबाईंनी तोंडाचा वास घेतला, काही आला नाही. "वास न येणारी मिळते हल्ली," नवऱ्यानं ठणकावून सांगितलं. कपाटं, उशा, बुटांचे खोके, सगळं उलटंपालटं झालं. त्यात लख्खबाई सर्वांत पुढे. बाटली सापडली नाही, याचा अर्थ घरानं एवढाच काढला की म्हातारा हुशार झालाय. पहिला आठवडा सासरे तावातावानं शपथा घेत होते. "तुम्हाला शुद्ध कुठे असते आठवायला!" असं मुलानं सुनावलं, तसे गप्प झाले. सोमवारी व्यसनमुक्ती केंद्रात न्यायचं ठरलं, तेव्हा त्यांनी स्वतःच पिशवी भरली.

"बघितलंस? न बोलता कबूल केलं," नवरा म्हणाला होता.

प्रयोगशाळेच्या मॅडम आल्या. उरलेल्या पाचजणांकडे पाहिलं; ते मजेत होते. पाण्यात दोष नव्हता. मग त्या खाली वाकल्या.

"तळाची वाळू कुठंय गं?"

"काढली. कसला गाळ बसला होता, मॅडम! ताट धुवावं तशी धुतलीय टाकी."

"अगं बाई माझे! यानं काल रात्रीच कात टाकलीय." मॅडमना हसू आवरेना. "याच्या धाकट्या मिशीच्या बुडाशी खळगा असतो, त्यात वाळूचे कण. ते कुठे टेकतात त्यावरून याला कळतं, वर कुठलं नि खाली कुठलं. कात टाकली की कणही जातात. नवे हा स्वतः उचलून ठेवतो. तू उचलायला काही ठेवलंस तर ना!"

मॅडमनी चिमूटभर वाळू पाण्यात सोडली. क्रेफिशनं चाचपडत एक कण उचलला आणि कानात डूल घालावा तशा निगुतीनं डोक्याशी नेला. मग दुसरा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो आठही पायांवर ताठ उभा राहून शेजाऱ्यावर नांग्या उगारत होता.

लख्खबाईचा डबा उघडाच राहिला.

"मॅडम, माणसाच्या कानात असते का हो वाळू?"

"असते की. चुन्याचे बारीक कण. जागचे सरकले की उठता-वळता सगळं घर फिरतं. कानाचे डॉक्टर बसवून देतात. का गं?"

तिनं अर्ध्या दिवसाची रजा मागितली. कुणी बघत नाहीसं पाहून टाकीला हात जोडले. घरी गेली आणि म्हणाली, "बाबा, चला."

"आज? सोमवारी ना?" सासरे म्हणाले, पण पिशवी घेऊन मुकाट निघाले.

कानाच्या डॉक्टरांनी त्यांना आडवं केलं, मान एका अंगाला वळवून जरा खाली सोडली. बुबुळं थरथरली. ती थांबेपर्यंत वाट पाहिली. मग मान दुसऱ्या अंगाला, मग कुशीवर, मग उठवून बसवलं. थोड्या वेळानं म्हणाले, "चला बघू."

सासरे दारापर्यंत गेले. परत आले. भिंत हाताशी होती, तिला बोट लागलं नाही. लख्खबाईच्या डोळ्यांना धार लागली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिनं काही पुसलं नाही.

"कानातले कण सरकले होते," डॉक्टर म्हणाले. "दारूचा काडीचा संबंध नाही."

"चुकलं माझं, बाबा," ती म्हणाली.

सासऱ्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी डॉक्टरांचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला होता.

"डॉक्टर, म्हणजे... मी खरंच पीत नव्हतो ना?"