वरचा गट

आइस हॉकीच्या मॅचचा दुसरा पीरियड संपून मुली लॉकर रूममध्ये गेल्या, तशी मृणालिनी रिंकच्या बाहेर आली आणि तिने कुमारला फोन लावला. न्यू जर्सीत मार्च अर्धा सरला तरी बोटं गारठत होती. पण आत इतर आयांमध्ये बसून तिला हे बोलायचं नव्हतं.

"दोन-दोन आहे," ती म्हणाली. "ही शेवटची मॅच. हरलो तर खालच्या गटात."

"म्हणजे काय होतं?" कुमारने विचारलं. सिएटलजवळच्या बेलव्ह्यूला अजून सकाळच होती. त्याच्यामागे बाळ रडत होतं.

तिने समजावून सांगितलं. सोळा वर्षांखालच्या मुलींची आइस हॉकी, कुठून कुठून क्लब आलेले, अगदी फिनलंडपासून. वरच्या गटात जो संघ तळाला राहील तो पुढच्या वर्षी खाली जाणार आणि खालच्यातला पहिला वर येणार. त्यांच्या लेकीचा, शिवांगीचा संघ आणि स्लोव्हाकियाचा एक संघ, दोघेही तळाला होते. आज हरेल तो खाली. खालचा गट पुढच्या वर्षीही इथेच, न्यू जर्सीत खेळणार होता. वरच्या गटाचे सामने मात्र सिएटलजवळ ठरले होते.

"तुझ्या घरापासून रिंक अगदी जवळ आहे. मी नकाशात बघितलं."

"अच्छा."

"तू म्हणतोस इकडे यायला जमत नाही, इतक्या लांब बाळाला सोडून निघता येत नाही. ठीक आहे. पण हे तुझ्या दाराशी असेल, कुमार."

"बघतो ना. स्प्रिंग ब्रेकच्या सुट्टीत आमचं काहीतरी ठरलेलं असतं. आत्तापासून काय सांगू?"

"मी तिला काय सांगू?"

"सांग, बाबाने बेस्ट ऑफ लक दिलंय."

फोन बंद करून ती आत वळली. कुमार नोकरीसाठी पुढे गेला होता. शाळेचं वर्ष संपलं की या दोघी मागून जाणार होत्या. ते वर्ष संपलं तेव्हा घटस्फोटासाठी त्याच्या वकिलाचा फोन आला. शिवांगीला बर्फावर पहिल्यांदा कुमारनेच उभं केलं होतं. नागपूरच्या मृणालिनीला तोवर बर्फ माहीत होता तो उन्हाळ्यातल्या गोळ्याचा. मग तीच पहाटे उठून हायवेने प्रॅक्टिसला सोडायला लागली. घामाने भिजलेले पॅड गराजमध्ये वाळत घालायला लागली. गोलकीपरची आई म्हणून इतर आया तिला बसायला जागा धरून ठेवायच्या. तिला खेळाचं वेड लागलं नव्हतं. पोरगी बर्फावर असली की तिचा चेहरा उजळायचा, तेवढं तिला पुरे होतं.

लॉकर रूमच्या दाराशी शिवांगी उभी होती, हेल्मेट काखेत धरून.

"बाबाशी बोललीस?"

"हो. खूप खूश झाला. म्हणाला, इकडे आलात तर एकही मॅच चुकवणार नाही."

"असं म्हणाला?"

"असंच म्हणाला."

शिवांगीने आईकडे नीट बघितलं. मग "ओके" म्हणून तिने हेल्मेट चढवलं आणि ती आत गेली.

तिसऱ्या, शेवटच्या पीरियडमध्ये स्लोव्हाकियाच्या मुलींनी तिला श्वास घेऊ दिला नाही. शिवांगी गुडघ्यांवर पडत होती, उठत होती, पुन्हा पडत होती. एकदा तर पक, ती कडक रबरी चकती, तिच्या छातीवर इतक्या जोरात आदळला, की मृणालिनीने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा पक पोरीच्या ग्लोव्हमध्ये होता. बाकावरच्या आया उभ्या राहून तिच्या नावाने ओरडत होत्या. नाव त्यांना अजून धड म्हणता येत नव्हतं.

अगदी शेवटी, अजून दोन-दोनच असताना, मैदानाच्या मध्यावरून पलीकडच्या एका थकलेल्या मुलीने पक नुसता पुढे ढकलला. तो फटकाही नव्हता. मागून कोणी धावतही नव्हतं. पक बर्फावरून सरळ, सावकाश येत राहिला. शिवांगी गोलसमोर उभी होती. पक तिच्या दोन्ही पायांमधून आत गेला.

 मग पलीकडच्या मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या.

शिवांगी रडली नाही. तिच्या संघातल्या मुली रडत होत्या. ती एकेकीजवळ जाऊन सॉरी म्हणत होती आणि त्याच तिला कुशीत घेत होत्या. कोचने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिच्यामुळेच आपण इथवर आलो, असं सगळ्यांसमोर सांगितलं. शिवांगी मान खाली घालून ऐकत राहिली.

किट डिकीत टाकून दोघी गाडीने घरी निघाल्या.

"माझंच चुकलं," मृणालिनी म्हणाली. "मध्येच तुला बाबाचं सांगायला नको होतं. टेन्शन आलं तुला."

"नाही, आई."

"पुढच्या वर्षी पहिल्या याल आणि परत वर जाल. आपण सुट्टीत तिकडे जाऊ हवं तर. मी तिकीट काढते."

"नको."

सिग्नल लाल झाला. मृणालिनीला ते विचारायचं नव्हतं, तरी तोंडून गेलंच. "तुला पक दिसला नाही का गं?"

"दिसला."

"मग?"

शिवांगी खिडकीबाहेर बघत होती.

"टीममधल्या सगळ्या विचारतात, तुझे डॅड का येत नाहीत. मी सांगते, सिएटलला असतात, खूप लांब आहे," ती म्हणाली. "तिकडे जाऊनही तो आला नसता, तर मी काय सांगितलं असतं?"