आधी डॉक्टरांनी घ्यायची

कायदाच होता: मनावरची गोळी आधी डॉक्टरांनी घ्यायची, मगच पेशंटला लिहून द्यायची. डॉक्टर हेमांगीताईंनी ती सिंधूकाकूंसमोरच गिळली. नवरा गेल्यापासून काकूंच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

थोड्या वेळाने हेमांगीताईंनी नेहमीसारखी वडिलांची सायकल आठवून पाहिली. पुढच्या दांडीवर बसलेली आपण, मानेवर त्यांचा श्वास, हातात हरभऱ्याची ओली जुडी. सगळं दिसत होतं. पोटात मात्र काहीच हललं नाही.

"झोप लागेल, काकू. पण काकांची आठवण कोरडी होईल. अर्धीच देते."

"तुमचं काय कोरडं झालं?"

हेमांगीताईंनी सायकलची गोष्ट सांगितली. ऐकता ऐकता काकूंचे डोळे भरून आले.

डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिल्या. "आज सकाळपर्यंत मलाही असंच व्हायचं," त्या शांतपणे म्हणाल्या.