राघूची बेल

वायरमननं शेजारच्या वहिनींच्या दारावरच्या बेलचं झाकण उघडून फुंकर मारली. "आजी, वायर उंदरानं कुरतडलीय. ही बेल वर्षानुवर्षं बंदच आहे."

वहिनींचे डोळे चमकले. "म्हणजे भांडून गेलेला माझा अनंता येऊन परत गेला असेल! बटण दाबून दाबून दमला असेल हो."

"पण वहिनी, मागच्या आठवड्यापर्यंत वाजत होती की," मी म्हणालो, आणि खिडकीतल्या पोपटाच्या रिकाम्या पिंजऱ्याकडे बघून ओरडलोच, "अहो, तुमचा राघू! दारात माणूस दिसलं की तोच टिंगटाँग करायचा. तो गेला आणि बेल बंद पडली!"

माझ्या आजवरच्या साऱ्या थापांना हे सत्य भारी पडणारं होतं. पण कुणी हसलं नाही.

"राघूची नजर चुकवून कोण येणार?" वहिनी हळूच म्हणाल्या. "म्हणजे अनंता आलाच नाही."

मी घसा खाकरला. "दुपारी मात्र झोपायचा हं तो. चांगला घोरायचा. माझ्या घरापर्यंत ऐकू यायचं."

वहिनींनी पिंजऱ्याकडे बघितलं.

"हो भावोजी," त्या म्हणाल्या, "अनंताची गाडी दुपारीच येते."